काठ पाणी उतरताना जातो

कृष्णेला पूर आला की अख्खी सांगली आयर्विन पुलाकडे डोळे लावून बसते. पुलाजवळ पाणी ४० फुटांना टेकलं की इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांवर गेलं होतं. मग कधीतरी पाणी उतरायला लागतं, शहर हुश्श म्हणतं आणि खराटे-फावडी घेऊन चिखल काढायच्या मागे लागतं. नदीकाठी ज्याची मळीची जमीन आहे, त्याचा घोर मात्र तेव्हा सुरू होतो. पूर भरात असताना जागचा न हललेला काठ, पाणी उतरू लागलं की ढपल्याढपल्यानं नदीत बसतो. चार-दोन सऱ्या ऊस, मोटारीचा पाइप, बांधावरची बाभळ, सगळं एकदम.

याचं कारण आपल्याला ठाऊक आहे असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. माती भिजली, मऊ झाली, सुटली. यात न कळण्यासारखं काय आहे? मी स्थापत्य अभियंता. शिक्षण कराडच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात, पुढं सगळी हयात सातारा-सांगलीतल्या रस्त्यांवर, कालव्यांवर, पुलांच्या पायांत गेलेली. काळी माती, मुरूम, मांजऱ्या, गाळवट, सगळं हातानं चोळून पाहिलेलं. एका पुरानंतर पलूसच्या बाजूला काठाची पाहणी चालली होती आणि एक वयस्कर शेतकरी बरोबर होते. मी सहज म्हटलं, “तात्या, एवढे दिवस पाण्यात बसल्यावर माती सुटणारच की.”

ते म्हणाले, “पाण्यात हुती तवर कुठं सुटली, सायब? पाणी गेल्यावर सुटली न्हवं का?”

माझ्या कारणात हे बसत नव्हतं. पाण्यानं मऊ होऊन काठ जात असेल, तर तो पाण्यात असतानाच जायला हवा. आणि वैताग असा की, याचं उत्तर ज्या आकृतीत होतं ती मी विद्यार्थी असल्यापासून काढत आलो होतो. मोहरचं वर्तुळ. परीक्षेत हमखास येणारं, कंपास नीट धरला तर पूर्ण मार्क देणारं. त्यापलीकडे त्याचा काही उपयोग असेल असं मला मनापासून कधी वाटलं नव्हतं. हे मत कसं पालटलं ते सांगायचं, तर आधी ते मत काय होतं ते सांगायला हवं.

माझं मत साधं होतं. ताकद मातीची असते. पोलाद कारखान्यातून येतं ते आपली ताकद घेऊनच येतं, तशी माती जमिनीतून येते. प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा, तिथून दोन आकडे येतात. एक ‘सी’, म्हणजे मातीचा चिकटपणा, आणि दुसरा ‘फाय’, म्हणजे कण कणावर घासताना होणाऱ्या विरोधाचा कोन. ते आकडे सूत्रात घालायचे आणि पुढच्या कामाला लागायचं. सूत्र कूलॉमचं. बारावीच्या मुलांना कूलॉम विजेच्या धड्यात भेटतो, पण तो मुळात फ्रेंच लष्कराचा अभियंता. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्यानं वर्षं घालवली आणि परत आल्यावर १७७३ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढं बांधकामातल्या प्रश्नांवर निबंध वाचला. त्याचं म्हणणं असं की, माती ज्या पातळीवर घसरते तिथं तिला दोन गोष्टी अडवतात. एक चिकटपणा, तो ठरलेला. दुसरं घर्षण, ते त्या पातळीवर जेवढा दाब तेवढं. दाब दुप्पट झाला तर घर्षण दुप्पट. आलेखावर ही एक तिरकी रेघ होते. दाब आडव्या अक्षावर, घसरवणारं बळ उभ्या अक्षावर.

वर्तुळ त्यानंतर शंभरेक वर्षांनी आलं. ओटो मोहर हा जर्मन रेल्वेतला अभियंता, पुढं श्टुटगार्ट आणि ड्रेस्डेनला प्राध्यापक. १८८२ मध्ये त्यानं ते मांडलं. जमिनीतला मातीचा एक बारीक कण घ्या. वरून त्याच्यावर जास्त दाब आहे, बाजूनं कमी. आता त्या कणातून मनातल्या मनात एक तिरका छेद घ्या. त्या छेदावर दाबणारं बळ किती आणि घसरवणारं किती? छेदाचा कोन बदलला की दोन्ही बदलतात. सगळ्या कोनांची सगळी उत्तरं आलेखावर मांडली की त्यांचं वर्तुळ होतं. वरचा आणि बाजूचा दाब यांची सरासरी म्हणजे वर्तुळाचा मध्य, दोघांतल्या फरकाचं निम्मं म्हणजे त्रिज्या. वर्तुळ कूलॉमच्या रेघेखाली आहे तोवर माती उभी. रेघेला टेकलं की ज्या कोनाच्या छेदावर टेकलं, त्या छेदावर माती फाटते.

हे मला पाठ होतं. पण त्यावर विश्वास बसू नये असा एक प्रकार मी कॉलेजातच पाहिला होता. मातीची ट्रायअॅक्सियल चाचणी करताना ३८ मिलिमीटर व्यासाचा, ७६ मिलिमीटर उंचीचा नमुना रबराच्या पातळ पिशवीत घालतात, पाण्यानं भरलेल्या पारदर्शक नळकांड्यात उभा करतात, पाण्याला दाब देतात आणि वरून दट्ट्यानं दाबत नेतात. बळ मोजणाऱ्या प्रूव्हिंग रिंगच्या डायलवर काटा पुढं पुढं जातो, एका जागी थबकतो आणि मागं यायला लागतो. तोवर नमुन्याच्या पोटातून एक तिरकी रेघ उमटलेली असते. घट्ट माती असेल तर आडव्यापासून ६० अंशांच्या आसपास. बघायला छान वाटतं. पण पूर्ण भिजलेली चिकणमाती घेऊन, पाणी बाहेर जायची वाट बंद ठेवून हीच चाचणी केली, तर बाजूचा दाब कितीही वाढवा, वर्तुळं सगळी एकाच मापाची येतात. रेघ आडवी. फाय शून्य. त्याच मातीतलं पाणी सावकाश बाहेर जाऊ देत चाचणी केली तर फाय वीस-पंचवीस अंश.

एकाच मातीचे दोन फाय? मी सरांना विचारलं होतं. त्यांनी ‘ड्रेन्ड’ आणि ‘अनड्रेन्ड’ असा फरक सांगितला, मी तो वहीत उतरवला आणि हे शास्त्र नसून सोयीचा हिशेब आहे अशी मनाशी गाठ मारली. पोलादाच्या दोन ताकदी कुणी सांगत नाही. तेव्हापासून मातीच्या अहवालातले आकडे मी वापरत होतो, मानत नव्हतो. नोकरीत याचं काही अडलं नाही हेही खरं. हात सैल ठेवून सुरक्षितता घेतली की बरंचसं निभावून जातं आणि आपल्याकडे बहुतेक कामं तशीच निभावतात.

तात्यांच्या प्रश्नानं मी परत त्याच गाठीशी आलो. या वेळी वहीत उतरवून सुटका नव्हती, म्हणून आकडे घालून बघितले. आमच्या पिढीला किलोपास्कलपेक्षा चौरस सेंटिमीटरला किलो हेच माप हाताशी येतं, म्हणून त्यातच सांगतो. एका नमुन्यावर बाजूनं १ किलो दाब आहे, वरून अडीच. फरक दीड, म्हणून त्रिज्या पाऊण. सरासरी पावणेदोन, तिथं वर्तुळाचा मध्य. चिकटपणा शून्य धरू, फाय ३० अंश. या कोनाची गंमत अशी की, मध्य शून्यापासून जितका लांब, त्याच्या बरोबर निम्म्या त्रिज्येचं वर्तुळ रेघेला टेकतं. पावणेदोनचं निम्मं म्हणजे पाऊणापेक्षा बरंच जास्त. वर्तुळ रेघेच्या खाली आहे, माती उभी आहे.

आता या मातीच्या पोकळ्यांत पाणी आहे आणि त्या पाण्याला स्वतःचा दाब आहे असं धरा. पाव किलो. म्हणजे अडीच मीटर उभ्या पाण्याच्या तळाशी असतो तेवढाच. हा पाव किलो पाणी आपल्या अंगावर घेतं, वरच्या दाबातूनही आणि बाजूच्या दाबातूनही. कणांच्या वाट्याला बाजूनं पाऊण किलो उरला, वरून सव्वादोन. फरक होता तेवढाच, दीड. त्रिज्या तीच, पाऊण. मध्य मात्र पावणेदोनवरून दीडवर आला. दीडचं निम्मं पाऊण. वर्तुळ टेकलं.

हे मी कागदावर केलं तेव्हा बराच वेळ त्याकडे नुसता बघत राहिलो. कशातच बदल नाही. वरचं ओझं तेच, बाजूचा आधार तोच, माती तीच, तिचा फायही तोच. वर्तुळ तेवढं डावीकडे सरकलं आणि माती फाटली. पाण्यानं मातीला मऊ केलेलं नाही. पाणी मातीचं ओझं थोडं स्वतः पेलतं, म्हणून कण एकमेकांना तेवढे कमी दाबतात. कमी दाबतात म्हणून कमी घासतात. पुराच्या पाण्यात दारात उभी असलेली मोटार तरंगत जाते ती टायर गुळगुळीत झाले म्हणून जात नाही, तिचं वजन पाण्यानं उचललेलं असतं. मातीचंही तेच.

आणि दोन फायचं कोडंही तिथंच सुटलं. पाण्याची वाट बंद असेल तर बाजूचा वाढवलेला सगळा दाब पाणीच घेतं, कणांना त्याची खबरही लागत नाही. मग कणांची ताकद वाढणार कुठून? वर्तुळं एकाच मापाची येणारच. प्रत्येक वर्तुळातून त्या त्या वेळचा पाण्याचा दाब वजा केला की सगळी एकमेकांवर येऊन बसतात, एकच वर्तुळ उरतं आणि ते खऱ्या फायच्या रेघेला टेकलेलं असतं. मातीला फाय एकच होता. मी पाण्याचा दाब न मोजता तिला दुटप्पी ठरवत होतो.

ही वजाबाकी कार्ल तेर्झागीची. प्रागमध्ये जन्मलेला हा ऑस्ट्रियन अभियंता पहिल्या महायुद्धाच्या काळात इस्तंबूलला शिकवायला होता आणि तिथं साध्या, हाती लागेल त्या सामानातून उपकरणं जोडून मातीवर प्रयोग करत होता. त्यातून आलेला १९२५ चा ग्रंथ या शास्त्राचा पाया समजला जातो. त्यानंच १९५० मध्ये दरडींवर लिहिताना पाणी वंगणाचं काम करतं ही समजूत खोडून काढली होती. गारगोटीचे कण ओले झाले म्हणून जास्त निसरडे होत नाहीत, उलट थोडे जास्तच अडतात. म्हणजे मी तात्यांना जे सांगितलं ते कितीतरी आधी मोडीत निघालेलं होतं आणि मोडीत काढणाऱ्याचं नाव मी वर्गात रोज ऐकत होतो.

इथं काळ्या मातीपुरतं एक सांगायला हवं, नाहीतर मी पुन्हा एका टोकाला जाईन. कृष्णाकाठची काळी माती गारगोटीच्या कणांची नाही. तिच्यातली खनिजं पाणी पिऊन फुगतात, माती सैल होते आणि तिची ताकद त्यामुळंही कमी होते. भिजली, मऊ झाली या म्हणण्यात काळ्या मातीपुरतं तथ्य आहे. फक्त काठ उतरत्या पाण्यात का जातो याचं ते उत्तर नाही.

ते उत्तर असं. पूर उभा असतो तेव्हा काठावर बाहेरून नदीच टेकलेली असते. काठाच्या आत पाणी शिरतं, आतला दाब वाढतो, पण बाहेरून तेवढाच आधार आहे. वर्तुळ डावीकडे सरकतं खरं, पण ते लहानही असतं, कारण बाजूचा दाब नदी देते आहे. मग पाणी झपाट्यानं उतरतं. बाहेरचा आधार गेला, बाजूचा दाब घटला, वर्तुळ मोठं झालं. आतलं पाणी मात्र तितक्या वेगानं निघत नाही. भेगा नसलेल्या घट्ट चिकणमातीतून पाणी वर्षाला काही सेंटिमीटर सरकतं, आणि नदी दिवसाला काही फूट उतरते. म्हणजे वर्तुळ मोठंही झालं आणि डावीकडेच राहिलं. शिवाय काठाची भिजलेली माती आता पाण्याच्या टेकूशिवाय आपल्या पूर्ण वजनानं खाली ओढते. काठ जातो.

हे कळल्यावर आधी नुसते पाठ असलेले कितीतरी नियम जागेवर बसले. कालव्याचं आवर्तन एकदम बंद करू नका, पाणी हळूहळू उतरवा, हा नियम आम्ही पाळायचो तो वरून आलेला म्हणून. काळ्या मातीतल्या कालव्यात तो न पाळल्यावर अस्तराच्या फरशा पोटातून उचलल्या गेलेल्या पाहूनही मी त्याचा संबंध या आकृतीशी लावला नव्हता. धोम-कण्हेरच्या बाजूला मातीचं धरण ज्यांनी पाहिलं असेल त्यांनी आठवून बघावं, अशा धरणांचा पाण्याकडचा उतार सहसा बाहेरच्यापेक्षा जास्त पसरट ठेवतात. कारण जलाशय भराभर रिकामा करावा लागला तर त्या उताराची गत नदीच्या काठासारखीच होऊ शकते.

नदीपेक्षा डोंगरानं मात्र मला जास्त अस्वस्थ केलं. २०२१ च्या २२ जुलैला आणि त्या रात्री सह्याद्रीवर जो पाऊस झाला, त्यात महाबळेश्वरला २४ तासांत ५९० मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर घरांवर आला. घाटाखाली रायगड जिल्ह्यात तळिये गेलं. त्याआधी सात वर्षं, ३० जुलै २०१४ ला, पुणे जिल्ह्यातलं माळीण असंच गेलं होतं. अशा घटनांनंतर जी कारणं सांगितली जातात ती आपण सगळ्यांनी ऐकली आहेत. झाडं तोडली, रस्ता कापला, सपाटीकरण केलं. ती खोटी नाहीत. पण मी स्वतः ती एकेकाळी ज्या खात्रीनं सांगायचो तशी आता सांगत नाही, कारण मधला दुवा कुणी बोलतच नाही. झाड तोडल्यानं आणि डोंगर कापल्यानं पाण्याचं काय झालं?

एक उतार कल्पनेनं घेऊ. खाली बेसाल्टचा कातळ, त्यावर झिजलेल्या दगडाची आणि वरून घरंगळत आलेल्या मातीची ३ मीटर जाडी. उतार २८ अंश, मातीचा फाय ३३. चिकटपणा नाहीच असं धरू. कोरडा असताना हा उतार घसरवणाऱ्या बळापेक्षा २० टक्क्यांच्या आसपास जास्त ताकद राखून उभा असतो. ही राखण फार नाही, पण आपले कित्येक डोंगर पिढ्यान्‌पिढ्या एवढ्यावरच उभे आहेत. आता कातळावर पाणी साचायला लागलं. कातळ पाणी झटपट पीत नाही, म्हणून ते मातीच्या तळाशी उताराच्या दिशेनं वाहत राहतं आणि त्याची पातळी वर चढत जाते. हिशेब केला तर ३ मीटरपैकी साधारण १ मीटर चढलं की राखण संपली. जमिनीच्या पृष्ठभागापर्यंत चढलं तर ताकद मूळच्या निम्म्याच्या आसपास. माती तीच आणि डोंगर तोच, आजोबांच्या काळापासून ‘कधी काही झालं नाही’ म्हणून सांगितलेला. पावसाळ्यात रोज शंभर मिलिमीटर पाऊस आला आणि रोज निघून गेला तर पातळी त्या १ मीटरला पोचत नाही. एका रात्रीत पाचशे आला तर पोचते.

खरा डोंगर या उदाहरणाइतका सरळ नसतो. मुळं आहेत, दगड आहेत, दोन लाव्हाथरांमधले लाल मातीचे पट्टे आहेत, वरच्या पठारावर जांभा आहे. पण प्रश्न कोणता विचारायचा ते यातून कळतं. घरामागं दरडीचा धोका आहे म्हटलं की आपल्याकडे पहिली मागणी येते ती भिंतीची. भिंत दिसते, तिचं उद्घाटन करता येतं. वरच्या अंगाला चर खणून पाणी वाट काढून दुसरीकडे न्यावं, ही मागणी कुणी करत नाही. भिंतीत मागचं पाणी बाहेर यायला ठेवलेल्या भोकांत दोन वर्षांत माती भरते, कधी ओल येते म्हणून घरमालकच सिमेंट मारून ती बुजवतो. मग ती भिंत माती थोपवायची सोडून मागच्या पाण्याचा बांध होते. पूर्वी मी भिंतीची जाडी तपासायचो. आता आधी भोकांत काठी घालून बघतो.

मातीसाठी शिकलेलं हे गणित खडकालाही लागतं, हे मला कोयनेनं दाखवलं. कराडला शिकलेल्या प्रत्येकाच्या घरात ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेची एक तरी आठवण सांगितली जाते. कोयनानगरला भूकंप झाला तेव्हा धरण भरायला लागून जेमतेम पाच-सहा वर्षं झाली होती. पाण्याच्या वजनानं जमीन दबली आणि भूकंप झाला, असंच आम्ही लहानपणी ऐकलं आणि तेच मनात बसलं. वर्तुळ कळल्यावर मला ते पटेनासं झालं. वरून वजन वाढवलं की भेगेवर घर्षणही वाढतं. नुसतं वजन हे उत्तर पुरेसं नाही. जास्त जुळणारं उत्तर असं की, जलाशयातल्या पाण्याचा दाब भेगांमधून सावकाश खाली झिरपत गेला. तिथल्या भ्रंशावर आधीच इतका ताण होता की वर्तुळ रेघेला जवळपास टेकलेलंच होतं. पाण्याच्या थोड्याशा दाबानं ते डावीकडे ढकललं. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून एका खोल विहिरीत रासायनिक सांडपाणी दाबानं सोडायला लागले तेव्हाही अशीच भूकंपांची मालिका लागली होती. तिथं तर वजनाचा प्रश्नच नव्हता, होता तो फक्त दाब.

कोयनेचे धक्के आजही थांबलेले नाहीत, म्हणून जगभरचे भूकंपशास्त्रज्ञ या भागाकडे बघतात. कराडला केंद्र सरकारची खोल विंधनाचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. कोयना भागातल्या गोठणे गावी २०१७ मध्ये ३ किलोमीटर खोल छिद्र पूर्ण झालं. साधारण सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडून खाली ग्रॅनाइटी खडक लागला. खाली खडकावर ताण कोणत्या दिशेनं किती आहे आणि भेगांतल्या पाण्याचा दाब किती, हेच तिथं शोधायचं आहे. ज्या आकृतीला मी परीक्षेपुरती समजत होतो, ती काढायला लागणारे आकडे मिळवण्यासाठी लोक माझ्याच कॉलेजच्या मुलखात तीन किलोमीटर खाली गेले आहेत. याचं मला हसूही आलं आणि थोडं ओशाळल्यासारखंही झालं.

माझ्या मनात आता एकाच गोष्टीचा संशय राहिला आहे, आणि तो ‘सी’चा. उन्हाळ्यात पाइपलाइनचे चर खणताना मुरमाची, काळ्या मातीची भिंत माणसापेक्षा उंच, अगदी उभी राहते. ठेकेदार म्हणतो, “साहेब, जमीन कडक आहे, फळ्या कशाला लावायच्या?” पूर्वी मीही मान डोलवायचो, मातीला चिकटपणा आहे, उभी राहणारच. आता तो चिकटपणा कुठून आला हे आधी बघतो. अर्धवट सुकलेल्या मातीत कणांच्या फटींतलं थोडंसं पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरतं. तिथं पाण्याचा दाब शून्याच्याही खाली असतो. वजाबाकी करताना उणे वजा केलं की बेरीज होते, वर्तुळ उजवीकडे सरकतं आणि माती आहे त्यापेक्षा ताकदवान दिसते. पहिल्या वळवानं ती ओढ संपते. चरात माणूस उतरलेला असताना ती संपली तर काय होतं, हे वर्तमानपत्रात दर मे-जूनमध्ये वाचायला मिळतं. मातीच्या अहवालातला ‘सी’ हा असा उन्हाळ्यापुरता असू शकतो आणि नमुना कोणत्या महिन्यात घेतला ते बहुतेक अहवालांत लिहिलेलंच नसतं.

मी आता अहवाल हातात आला की आकड्यांआधी तेच शोधतो. नमुना कधी घेतला, चाचणीत पाणी बाहेर जाऊ दिलं की अडवलं, अडवलं असेल तर त्याचा दाब मोजला का. मोजायचा म्हटलं की चाचणीला दिवस जास्त लागतात आणि खर्चही वाढतो. छोट्या कामाला एवढं कशाला, असं समोरचा म्हणतो. कधीकधी त्याचं बरोबर असतं. सपाट जमिनीवरच्या एकमजली घराला मी आग्रह धरत नाही. नदीकाठ, कालव्याची बाजू, डोंगर कापून केलेली जागा आणि माणसापेक्षा खोल चर असेल, तर मात्र ऐकत नाही. ठेकेदाराला फळ्यांचा खर्च अंदाजपत्रकात घालून द्यायचा आणि त्या लावल्याशिवाय खाली कुणाला उतरू द्यायचं नाही, एवढं तर कुठल्याही चाचणीशिवाय करता येतं.